पान एकेचाळीसवरची बहीण

४ जून

चि. बारक्यास,

'चि.' हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. आशीर्वाद मात्र या खेपेला माझ्यापाशीच ठेवले आहेत. पत्र वाचून झालं की तूच ठरव, ते तुला पाठवावेत की नाही.

तुला कळवलं नव्हतं, पण गेले सात महिने मी इंग्रजी शिकते आहे. लेकीचा मुलगा तिकडे परदेशात इंग्रजीशिवाय बोलत नाही. फोनवर तो भडाभडा काहीतरी सांगतो आणि मी नुसती 'हो हो' करते. सदुसष्टाव्या वर्षी नातवापुढे नंदीबैलासारखी मान हलवायची मला लाज वाटायला लागली. शिकायचं तर कुणाच्या पुस्तकातून? घरात व्याकरणकार असताना बाहेर कशाला जायचं? तुझं 'सोपं इंग्रजी व्याकरण' बावीस वर्षं माझ्या दुकानात काचेच्या कपाटात आहे. गणवेश शिवायला आलेल्या प्रत्येक आईला मी ते दाखवलं आहे. हे बघा, माझ्या भावाचं नाव छापलंय. किती प्रती विकत घेऊन पोरांना वाटल्या, त्याची मोजदाद नाही.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा कापायच्या टेबलावर तुझं पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसते. शेजारचा औषधवाला उच्चार सांगतो. परवा सातवा धडा लागला, विशेषणांचा. पान एकेचाळीस. मी मोठ्याने वाचत होते:

'माय मदर वॉज अ काइंड वूमन. शी हॅड सॉफ्ट हँड्स. शी मेड मी अ वॉर्म, लूज कोट. माय एल्डर सिस्टर इज अ टेलर. शी हॅज अ लाँग नोज, अ शार्प टंग अँड अ स्मॉल हार्ट.'

खाली सूचना: विशेषणांखाली रेघ मारा.

आई प्रेमळ, तिचे हात मऊ, तिने तुला ऊबदार, सैल कोट शिवला. आणि थोरली बहीण शिंपीण. नाक लांब, जीभ धारदार, मन छोटं. 'स्मॉल' हा शब्द मला शब्दकोशात शोधावासुद्धा लागला नाही. चाळीस वर्षं मापाची पट्टी म्हणून मी तो कॉलरच्या आत शिवते आहे.

औषधवाला भला माणूस. त्याने चष्मा पुसला आणि हळूच विचारलं, "तुम्हाला भाऊ एकच ना?"

सात महिने लागले मला, तू मला दिलेल्या शिव्या वाचायला. आणि बावीस वर्षं मी त्या माझ्याच हाताने गावभर वाटल्या. वर्गावर्गांतून पोरांनी एका सुरात म्हटलं असेल, ताईचं मन छोटं, आणि पट्टी लावून रेघ मारली असेल.

अकरावी आवृत्ती या महिन्याच्या अखेरीला छापायला जाणार असं तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस. त्याआधी ते वाक्य काढ.

ताई


१२ जून

ती. ताईस नमस्कार,

तू इंग्रजी शिकते आहेस हे वाचून मला मनापासून आनंद झाला. सात महिन्यांत सातवा धडा म्हणजे प्रगती उत्तम आहे. माझ्या वर्गातली तरणीताठी मुलं वर्षभरात तिथवर पोचत नसत.

मात्र तुझा गैरसमज झाला आहे. विशेषण हे नामाबद्दल अधिक माहिती सांगतं. ती माहिती दाखवायला कुठलं तरी नाम समोर लागतं. नाक घ्या, कोट घ्या, बहीण घ्या. 'लाँग' लांबी सांगतं, 'शार्प' धार सांगतं, 'स्मॉल' आकार सांगतं. धड्यातली बहीण ही उदाहरणातली बहीण आहे. ती कुणाचीच नव्हे. उद्या मी 'द फार्मर इज लेझी' असं लिहिलं तर जगातले सगळे शेतकरी माझ्यावर चालून येतील का?

माझी एक पद्धत आहे. उदाहरण घरातलं वाटलं पाहिजे, तरच ते पोरांच्या डोक्यात बसतं. हवेतलं उदाहरण हवेत जातं. पान एकेचाळीस हे या पुस्तकातलं सगळ्यात यशस्वी पान आहे, असं शिक्षक मला सांगतात. त्या एका उताऱ्यात 'एल्डर' धरून आठ विशेषणं आहेत, आणि आठही वेगवेगळ्या जातीची. ते मोडलं तर पुढचा सगळा स्वाध्याय मोडेल.

तेव्हा राग सोड. 'लाँग' आणि 'लूज' यांचे उच्चार नीट कर, बाकी छान चाललं आहे. तुझी भावजय नमस्कार सांगते.

तुझा,
बारक्या


१७ जून

बारक्या,

मला शिकवू नकोस.

उदाहरणातली बहीण कुणाचीच नव्हे म्हणे. मग ती शिंपीणच कशी निघाली? पोस्टमास्तरीण का नाही? तिचं नाक लांबच कसं? मी आरशात बघते रोज. नाक लांब आहे, मान्य. जीभ धारदार आहे, तेही मान्य, ती तुझ्यावरच घासून धार आली आहे. पण मन छोटं हे तू कुठल्या टेपने मोजलंस ते सांग.

माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, म्हणतं, जरा सैल ठेवा. मी विचारते, जरा म्हणजे किती? एक बोट की दोन? त्याला सांगता येत नाही. मग मी टेप लावते, आकडा लिहिते, त्याला दाखवते आणि मगच कापडाला कात्री लावते. कारण एकदा कापलं की कापलं. तू छापून टाकलंस. बावीस वर्षं, दहा आवृत्त्या, माप न घेता.

आणि आईचे हात मऊ? बारक्या, तुला आईचे हात आठवतात तरी का? उजव्या हाताच्या दोन बोटांना सुईने भोकं पडली होती. कात्रीच्या कडीने अंगठ्याला घट्टा पडला होता, त्यावर काडी ओढली असती तर पेटली असती. त्या हाताची एक ठेवून दिली की गालावर चार दिवस दिसायची. मला दिसायची, तुला नाही. तुला तिने कधी मारलं नाही. म्हणून तुझ्या पुस्तकात ते हात मऊ.

आपला तो बाळ्या. आईने ते आयुष्यभर केलं आणि तू ते छापलंस.

वाक्य काढतोस की नाही, एवढंच कळव. नमस्कार नको, भावजयीचा पोचला.

ताई


२४ जून

ताई,

विचारलंच आहेस तर सांगतो. मन कुठल्या टेपने मोजलं ते ऐक.

आई गेली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तीन महिने तिला मी एकट्याने उचलून बसवत होतो. तुझं लग्न होऊन तू तिकडे सुखात होतीस. तार केली. तू आली नाहीस. दुसरी केली, तरी आली नाहीस. आई दाराकडे बघत गेली. तू चौथ्या दिवशी आलीस. घरात माणसं बसलेली, मी कोपऱ्यात. मला वाटलं, ताई आली, आता मला रडता येईल. तू उंबऱ्यातच उभी राहिलीस, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस, आणि विचारलंस, "आईची कात्री कुठे आहे?"

आई कशी गेली, नाही. तू जेवलास का, नाही. कात्री.

मी बोटाने कपाट दाखवलं. तू ती उचललीस आणि शेजारच्या काकूंच्या घरी निघून गेलीस. तिसऱ्या दिवशी परत गेलीस ती कात्री घेऊनच गेलीस. घरातली तेवढी एकच चांगली वस्तू होती.

आणि आईने काय केलं, ते बघ. तिच्यात सुई धरायचं बळ नव्हतं, तरी तिने माझ्या नोकरीच्या मुलाखतीसाठी कोट शिवून ठेवला. मांडीवर कापड घेऊन बसलेली मी तिला या डोळ्यांनी पाहिली आहे. मुलाखतीच्या सकाळी तो खुंटीवर टांगलेला होता. सैल होता, जरा वेडावाकडा असेल, मरणाऱ्या बाईने शिवलेला कोट आणखी कसा असणार? तो घालून मी गेलो आणि शिक्षक झालो. तो मी अजून जपून ठेवला आहे.

एकीने मरता मरता कोट शिवला, दुसरीने मेलेल्या आईची कात्री उचलली. आता तूच सांग, विशेषण चुकलंय का?

तू विचारलं होतंस, वाक्य काढतोस की नाही. नाही. आज सकाळी शेवटची प्रुफं सही करून छापखान्यात देऊन आलो.

बारक्या


२८ जून

वेडावाकडा?

कुठे वेडावाकडा होता तो कोट? काढ तो पेटीतून, टेबलावर पसर आणि मला दाखव कुठे वाकडा आहे. कॉलर बघ. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेव, सुताचा फरक निघाला तर नाव बदलीन. तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे, लहानपणापासून, दप्तर एकाच खांद्यावर लटकवून फिरायचास म्हणून. डाव्या खांद्यात अस्तराखाली कापसाची पट्टी घातली, तेव्हा कुठे तू माणसासारखा सरळ दिसलास. नाहीतर मुलाखतीला बसलेल्यांनी तुला तसाच परत पाठवला असता. आणि सैल म्हणे.

मला जे म्हणायचं ते म्हण. छाप. पण त्या कोटाला नावं ठेवू नकोस.

ताई


३ जुलै

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग पेटीतून कोट काढला.

मी शिंपिणीच्या घरात वाढलो, हे मी विसरलो असलो तरी माझे डोळे विसरले नव्हते. तुझ्या भावजयीकडून ब्लेड घेतलं आणि डाव्या खांद्याचं अस्तर उसवलं. आत कापसाची पट्टी आहे. उजव्या खांद्यात नाही. चाळीस वर्षं तो कोट माझ्याकडे आहे आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. तुला होती.

मग अस्तराची शिलाई खिडकीशी नेऊन पाहिली. आई डावखुरी होती. तिचे हातटाके उलट्या बाजूला कलायचे, आपण तिला त्यावरून चिडवायचो. या कोटावरचे टाके उजव्या हाताने घातलेले आहेत. सगळे. आतले, बाहेरचे, काजांभोवतीचे.

तेव्हा काय झालं ते सगळं मला सांग. व्याकरणातली उदाहरणं नकोत, गाळलेल्या जागा नकोत.

तुझा,
बारक्या


९ जुलै

बारक्या,

हे सांगायचं नाही असं मी आईला कबूल केलं होतं. चाळीस वर्षं निभावलं आणि तुझ्या 'वेडावाकडा'ने ते एका पत्रात घालवलं. माझी जीभ धारदार आहे हे बरोबरच लिहिलंस. ती माझ्या गळ्याशीच आली.

आईने कोटाचं कापड स्वतः कापलं. तेवढंच तिला झालं. मग तिचे हात इतके थरथरायला लागले की सुईत दोरा जाईना. तुझ्यासमोर ती कापड मांडीवर घेऊन नुसती बसायची, आणि तू बाहेर गेलास की बाजूला ठेवायची. महिनाभर तिने ते नाटक केलं. मग तिने ते तुकडे शेजारच्या काकांबरोबर माझ्याकडे पाठवून दिले. तू विचारलंस तेव्हा कोट पुरा झालाय, पेटीत आहे, असं तुला सांगितलं असणार. सोबत काकांकडून लिहवून घेतलेली चिठ्ठी होती. ती माझ्याकडे आहे, तिच्यात विशेषण एकही नाही. 'कोट पुरा करून घेऊन ये. त्याआधी आलीस तर तुझं तोंड बघणार नाही. त्याला तो माझ्या हातचा आहे असंच वाटू दे. कधी सांगू नको.'

तुझी पहिली तार आली तेव्हा माझ्या मशीनवर दुसरी बाही होती. मला वाटलं, टाकावं सगळं आणि निघावं. पण तुला ती माहीत नाही, मला माहीत आहे. ती खरंच तोंड फिरवून झोपली असती. म्हणून मी शिवत राहिले. जेवले नाही, झोपले नाही, मान वर केली नाही. दुसरी तार आली तेव्हा अस्तर लावत होते. गाडीत बसले तेव्हा हातटाके घालत होते. उतरले आणि गल्लीच्या तोंडाशीच कळलं.

ती माझ्यासाठी दाराकडे बघत नव्हती, बारक्या. कोटासाठी बघत होती.

माझी कात्री घाईत घरीच राहिली होती. काजं कापायची बाकी होती आणि दुसऱ्या दिवशी दहाला तुझी मुलाखत. म्हणून उंबऱ्यात उभी राहून कात्री मागितली. पिशवी खाली ठेवली नाही, कारण तिच्यात तुझा कोट होता. काकूंच्या ओसरीवर बसून काजं केली, बटणं लावली आणि पहाटे खुंटीला टांगून आले. आणखी दुसरं काय विचारायला हवं होतं मी? तुझ्याकडे बघितलं असतं तर मी बसले असते आणि मग उठले नसते.

मला राग तुझ्यावर आहे, पण तो नंतरचा. आधी तिच्यावर आहे. तिने मला तिच्या मरणाला येऊ दिलं नाही आणि वर त्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं. प्रेमळ बाई म्हणे. तुला ती प्रेमळ मिळाली, कारण बाकी सगळी माझ्या वाट्याला आली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. चाळीस वर्षं मी मशीनच्या पायपट्टीवर पाय आपटते आहे.

आणि कात्रीचं ऐक, म्हणजे मला देवी करून ठेवणार नाहीस. काजं झाल्यावर ती परत ठेवायला हवी होती. ठेवली नाही. मला ती हवी होती. कुणी दिली नव्हती, मी घेतली. आजही त्याच कात्रीने कापते. तेवढ्यापुरतं माझं मन छोटं आहे, ते मी कबूल करते.

कोट सैल होता असं तू म्हणतोस. माप तीन महिन्यांपूर्वीचं होतं. तू तिला उचलता उचलता किती वाळला होतास, ते तिने मला कळवलं नाही. तेवढी एक चूक माझी नाही.

ताई


१६ जुलै

ताई,

तुझं पत्र घेऊन त्याच पावली छापखान्यात गेलो. उशीर झाला होता. चार हजार प्रती बांधून तयार आहेत. मालक म्हणाला, "मास्तर, सही तुमचीच आहे." माझीच आहे. रागाच्या भरात केलेली, वळणदार.

आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर तांबड्या शाईने लिहीत आलो, आधी नीट बघा आणि मग लिहा. स्वतः बघितलं नाही. कपाट बोटाने दाखवलं, पण तुझ्या हातातली पिशवी बघितली नाही.

मला माझाच भयंकर संताप आला आहे आणि तो काढायला जागा नाही. तुझ्याशी भांडत होतो तेव्हा बरं होतं.

गाडी सुटण्याआधी प्रती थोपवून धरल्या आहेत. शाळा उघडून महिना झाला, मालक मला पंधरा दिवसांहून जास्त देत नाही. मी रोज तिथे गोदामात स्टुलावर बसून काळ्या शाईने तो शब्द खोडतो आहे. आतापर्यंत तीनशे अकरा झाल्या. बोटं काळी झाली आहेत. त्या जागी 'बिग' लिहू का? की सगळं वाक्यच खोडू? आणि आईच्या वाक्याचं काय करू? तू सांगशील तसं.

तुझा,
बारक्या


२० जुलै

चि. बारक्यास आशीर्वाद. थोडेच पाठवते आहे, बाकीचे तुझं वागणं बघून.

आधी ती शाई बंद कर. तू बावीस वर्षं पुस्तकं लिहिलीस, पण पोरं तुला कळली नाहीत. खोडलेला शब्द ती उजेडासमोर धरून वाचतात. ज्याच्यावर बोळा फिरवलाय तोच सगळ्या वर्गाला पाठ होतो. त्या तीनशे अकरा पुस्तकांत तू मला आणखी प्रसिद्ध करून ठेवलंस.

'बिग' अजिबात नको. तेही तू मापाशिवायच लिहिणार. मला उगाच फुगवू नकोस, उसवेन.

फाटलं तिथे ठिगळ लावतात, हे तुला घरात शिकायला मिळालं होतं. माझ्याकडच्या प्रतीवर टेप लावून 'स्मॉल' मोजला. सोबतच्या डब्यात त्याच मापाच्या कागदाच्या चार हजार पट्ट्या आहेत. तीन दिवस दुकान बंद ठेवून कापल्या, आईच्याच कात्रीने. गणवेशवाल्या दोन बायका ओरडून गेल्या. खळ लावून शब्दावर नीट बसव. पट्टी तिरकी बसली तर काढून पुन्हा लाव. पट्ट्या कोऱ्या आहेत. पोरांना विचार, ताईचं मन कसं, आणि लिहू दे ज्याला जे सुचेल ते. त्यांचं चुकलं तरी ती पेन्सिलीने लिहितात.

आईचं वाक्य तसंच ठेव. कोट तिने शिवला. मी तिला कबूल केलंय आणि तिच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून शब्द मोडायचा नाही. मऊ हातसुद्धा राहू देत. तुला तसे लागले, ते खोटं नाही. मीच ते बघितले नाहीत.

नाक लांब आहे, ते राहू दे.

डब्याच्या तळाशी एक पट्टी कागदात गुंडाळून वेगळी ठेवली आहे. ती तुझ्या स्वतःच्या प्रतीसाठी. तिच्यावर मी एक शब्द लिहिलाय, इंग्रजीत, माझ्या हाताने. औषधवाल्याला दाखवला नाही. 'अँग्री.' ताईचं मन रागावलेलं आहे. आईवर, तुझ्यावर आणि त्या दोन तारांवर. पट्टी लाव आणि पुस्तक कोटाच्या पेटीत ठेव.

हे माप मी घेतलेलं आहे. सुधारू नकोस.

ताई